सकाळी सांगायच्या पोळ्या

मोताळा
६ सप्टेंबर १९६३

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरा घालायला खोलीत जागा नाही; घरमालकांनी अर्ध्या खोलीत सरकीची पोती रचून ठेवली आहेत आणि भाडं मात्र पूर्ण खोलीचं घेतात.

नोकरी ठीक आहे. पंचायत समितीत आवक-जावक माझ्याकडे दिलं आहे. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. विहिरींचे अर्ज, ग्रामसेवकांचे अहवाल, कोंबड्यांच्या रोगाची पत्रं. संध्याकाळी बोटांना शाई असते आणि डोक्यात काहीच नसतं.

पण गणपतीत एक गंमत झाली, ती सांगायलाच हे पत्र. आमच्या ऑफिसच्या मंडळींनी शाळेच्या पटांगणात नाटक केलं. गुलाबराव मास्तर लेखक, तेच शिकवणारे आणि तेच पडद्याआडून वाक्यं पुरवणारे. माझं काम म्हणशील तर गड्याचं. आत यायचं, 'सरकार, पाहुणे आले' म्हणायचं आणि निघून जायचं. तेवढ्यासाठी मी पंधरा दिवस तालमीला गेलो.

त्या दिवशी गॅसबत्तीभोवती इतके किडे जमले की एक मास्तरांच्या घशातच गेला. ते खोकत खोकत मागे गेले. इकडे मी आत येऊन माझं वाक्य म्हटलं. समोर सरकार म्हणजे आमच्या जीपचे ड्रायव्हर हिंमतराव. त्यांना पुढचं वाक्य मिळेना. ते माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. जायचं कसं तेही कळेना. मग माझ्या तोंडून निघालं, "सरकार, पाहुणे विचारून राह्यले, आधी आंघोळीले पानी काढता का आधी जेवाले वाढता?"

हिंमतरावांनी लगेच विचारलं, "किती हायेत बे?"

"मोजले नाही सरकार. बंडीतून अजून उतरूनच राह्यले."

पटांगण हसलं, ताई. आम्ही दोघं मास्तरांचा खोकला थांबेपर्यंत बोलत राहिलो आणि थांबल्यावरही बोलत राहिलो. मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की पुढच्या खेपेला कागदच नको, असंच करू.

आबांना हे कळवू नकोस. आणि मला पुण्याचं काही लिही. तुमच्याकडची माणसं कशी बोलतात, कशी बसतात-उठतात, सगळं. संध्याकाळी खोलीत सरकीशिवाय कोणी नसतं.

तुझा
वैजू


पुणे
२९ सप्टेंबर १९६३

वैजू,

तुला आशीर्वाद, आणि मास्तरांच्या घशालाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा दारात, एकदा माळ्यावर. हसू आलं की इथे कारण सांगावं लागतं, म्हणून माळ्यावर.

पुण्याचं काय लिहू. हे हवामान खात्यात जातात. पाऊस येणार की नाही ते यांच्या ऑफिसात ठरतं, तरी छत्री रोज नेतात. वन्सं शाळेत शिकवतात. सासूबाई घर बघतात. घरात कोणी वाईट नाही, हे आधी सांगते, नाहीतर तू भलतंच समजशील.

पण इथली एक रीत अशी आहे, की सकाळी आठ वाजता सासूबाई परात घेऊन बसतात आणि प्रत्येकाला विचारतात, किती पोळ्या? दुपारी किती खाणार ते सकाळी सांगायचं. तेवढ्याच होतात. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. आपल्या घरी असं कोणी कोणाला कधी विचारलं का? माय टोपलं भरेपर्यंत करते आणि उरल्या तर गाईला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी लाजेनं दोन सांगितल्या. मग दोनच ठरल्या. आता पाच वर्षं झाली. दुपारी भूक चारची असते आणि ताटात दोन असतात. तिसरी मागितली तर दुसऱ्या कोणाच्या हिशेबातली जाते.

आणि दुसरं म्हणजे, त्याच पहिल्या दिवशी वन्संनी विचारलं, वाढू का आणखी? मी म्हटलं, मले भूक नाही. सगळे हसले. वन्सं अजूनही पाहुण्यांना ते करून दाखवतात, माझ्यासमोरच. त्यांच्या मनात काही नसतं. पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघते आणि मग तोंडानं. तोवर बहुतेक वेळा विषयच बदललेला असतो.

हे कुणाला सांगू नकोस. मायला तर नाहीच नाही. तिला जेवण जाणार नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. दुसरं कोणी विचारत नाही.

ताई


मोताळा
२४ नोव्हेंबर १९६३

ताई,

तुझं पत्र पोचलं. वाईटही वाटलं आणि, रागावू नको, हसूही आलं. सकाळी आठ वाजता दुपारची भूक सांगायची, हे आमच्या बीडीओ साहेबांच्या अंदाजपत्रकासारखं झालं.

आमचं आता बरंच जमलं आहे. ऑफिस सुटलं की शाळेत जमतो. मी, हिंमतराव, मास्तर आणि ग्रामसेवक उकंडराव. वाक्यं लिहिलेली नसतात. लोकांनाच विषय मागायचा. कोणी म्हणतो बसस्टँड, कोणी म्हणतो तलाठ्याची बायको, की तिथून सुरू. पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटायची. मग हिंमतरावांनी एक गोष्ट शिकवली. ते म्हणाले, "समोरच्यानं जे म्हटलं ते खोटं पाडाचं नाही. तो म्हने घोडा, त घोडा. आपण त्याले चारा टाकाचा." ते जीप चालवतात, पण आमच्यातलं डोकं त्यांचंच आहे. उकंडराव सुरुवातीला चारा न टाकता घोडा कुठे आहे ते शोधायचे. आता सुधारले.

आपल्याकडची बक्षिसाची रीत तुला आठवत असेलच. कोणी रुपया दिला की खेळ थांबवायचा, मास्तर देणाऱ्याचं नाव पुकारतात आणि त्याची काही फर्माईश असली तर ती तिथल्या तिथे पुरी करायची. मागे एकानं फर्माईश केली की तलाठ्याला रडताना दाखवा. उकंडराव असे रडले की खरे तलाठी उठून गेले.

मी आता एक बाई करतो. परगावाहून आलेली आत्याबाई. घरमालकीण गीताबाईंनी जुनं लुगडं दिलं आहे. लोकांना फार आवडते. म्हणून विचारतो, तुझ्या सासूबाई पदर कसा घेतात? चालताना हात कुठे असतात? रागावल्या तर आवाज चढतो की उतरतो? मला अशा बाईची नीट कल्पना नाही. सविस्तर लिही.

वैजू


पुणे
२० जानेवारी १९६४

वैजू,

तिळगूळ पाठवला आहे, पिवळ्या पुडीतला तुझा.

तू बाई करतोस हे वाचून मी चाट पडले. लहानपणी मायचं लुगडं गुंडाळून तू गोठ्यात म्हशीला रागवायचास, ते आठवलं.

सासूबाईंचा आवाज रागात उतरतो. चढत कधीच नाही. इतका उतरतो की ऐकायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की सापडलोच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो आणि त्या चष्म्यावरून बघतात. डावा हात नेहमी कनवटीला, जणू किल्ल्या आहेत. किल्ल्या नाहीत, कुलूप घरात एकच आहे. कोणी चुकलं की त्या म्हणतात, 'पुन्हा म्हण.' वन्संना, यांना, मला, सगळ्यांना. एकदा रद्दीवाल्यालाही म्हणाल्या.

बघ, किती लिहून गेले. हे सगळं माझ्याजवळ साठून होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

इथल्या महिला मंडळात नाटुकलं बसवतात. मला वाटलं आपणही जाऊन बघावं. तुझ्याच पत्रांनी हे डोक्यात भरवलं. वन्संनीच नेलं. बसवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, चेहरा बोलका आहे, पण उच्चारांचं कसं करायचं? मग मला दाराआडची सून दिली. पडदा उघडतो तेव्हा दाराआड उभं राहायचं आणि पडदा पडेपर्यंत तिथेच राहायचं. मी चांगली उभी राहिले. सगळ्यांनी सांगितलं.

मला बोलायचं होतं, वैजू. एवढंच होतं मनात. पण असो. तू बोलतोस ना, त्यातच माझं आलं.

ताई


मोताळा
३ मे १९६४

ताई,

उत्तराला फार उशीर झाला. मार्चअखेर असते, आणि मग आम्ही गावोगाव फिरत होतो. शनिवारी ऑफिस सुटलं की निघायचं, रविवारी परत. साखरखेर्ड्याला तर बाजाराच्या दिवशी इतके लोक आले की दोघं लिंबावर चढून बसले होते. सगळ्यांना आत्याबाईच हवी. मी नुसता चष्मा नाकावर घेतला की हशा सुरू होतो.

खरं सांगतो, दिवसभर मी कागदांना नंबर देतो तेव्हा मी कोणीही असलो तरी चालतं. माझ्या जागी उद्या दुसरा बसला तर कागदाला फरक पडणार नाही. पण त्या फळ्यांवर उभा राहिलो की मी नसलो तर चालत नाही. मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

आबांना कळलं. बाजारात कोणीतरी म्हणालं, किसनराव, तुमची आत्याबाई झकास. त्यांना आधी कळेना, मग कळलं. मी रोहिणखेडला घरी गेलो तेव्हा ओसरीवर बसले होते. "सरकारी नोकरीतलं पोरगं लुगडं नेसून नाचून राह्यलं. लोकं मले काय म्हनतीन?" म्हणाले. मी म्हटलं, नाचत नाही, बोलतो. ते म्हणाले, "लुगड्यात बोलते, मंग काय राह्यलं?" तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तू विचारशील, आत्याबाई कुठली? मुंबईची केली आहे. सगळं काल्पनिक आहे.

वैजू


पुणे
२० ऑगस्ट १९६४

वैजू,

बातमी चांगली आहे, कारण वाईट आहे. आमचे चुलत सासरे गेले, त्यामुळे यंदा या घरात सण नाही. हे म्हणाले, मग तू माहेरी जाऊन ये. सहा वर्षांत पहिल्यांदा मी आपल्या घरच्या महालक्ष्म्यांना असेन. मायला कळवलं आहे. तिनं आत्तापासून सोळा भाज्यांची जुळवाजुळव सुरू केली असेल.

गणपतीत तुमचा कार्यक्रम कधी आहे ते कळव. मला तुझी आत्याबाई बघायची आहे. आबांनाही घेऊन येते. त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की राग जाईल. ऐकूनच ते जास्त चिडतात, हे तुला माहीत आहे. माझी मैत्रीण पंचफुला मोताळ्यातच दिली आहे, तिच्याकडे उतरू.

पण मुंबईची बाई तुला कुठे भेटली रे? तू तर भुसावळच्या पुढे गेलेला नाहीस.

ताई


मोताळा
२७ ऑगस्ट १९६४

ताई,

तू येतेस हे फार चांगलं झालं. पण मोताळ्याला यायची घाई करू नको. नळगंगेला पाणी फार आहे, रस्ता केव्हा बंद होईल सांगता येत नाही. कार्यक्रमाचंही नक्की नाही. साहेब दौऱ्यावर आहेत, मास्तरांचा घसा धरला आहे. झालाच तर अगदी लहानसा होईल, आत्याबाई बहुतेक नसेलच. लोकांनाही आता तिचा कंटाळा आला आहे.

तू रोहिणखेडलाच थांब. मीच भेटायला येतो.

वैजू


मोताळा
२४ सप्टेंबर १९६४

ताई,

तोंडाचा रंग धुऊन बाहेर आलो तर आबांची बैलगाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून रोहिणखेडला गेलो, तर तू सकाळच्याच मोटारीनं मलकापूरला गेली होतीस. म्हणून जे समोर बोलायचं ते लिहावं लागतं आहे.

तू आलीस हे मला ठाऊक नव्हतं. स्टेजवर गॅसबत्त्या डोळ्यांवर असतात. पुढे काळोख दिसतो आणि हसणं ऐकू येतं, बाकी काही नाही. मला वाटलं माझं पत्र वाचून तू थांबलीस. मी नेहमीसारखा आत आलो. नाकावर चष्मा, डावा हात कनवटीला. 'सकाळी सांगा, किती पोळ्या?' हे मी एकटा म्हणतच नाही आता, सगळं पटांगण माझ्यासोबत म्हणतं. उकंडराव वऱ्हाडातली सून झाले होते, मिशीवरून पदर घेऊन. ते म्हणाले, "मले भूक नाही." मी आवाज उतरवून म्हटलं, 'मले नव्हे. पुन्हा म्हण.' त्यांनी पुन्हा म्हटलं. लोक मांड्यांवर थापा मारत होते.

तेवढ्यात मास्तर हातात रुपया घेऊन पुढे आले. बायकांच्या बाजूनं आला होता. त्यांनी नेहमीच्या आवाजात पुकारलं, "सौभाग्यवती शारदाबाई, मुक्काम पुणे, यांच्याकडून एक रुपया. त्यांची फर्माईश आहे का, सुनेले पोटभर जेवाले वाढा."

लोक आणखीच हसले. त्यांना ती गंमतच वाटली. उकंडराव बिचारे नियमाला धरून लगेच मांडी घालून बसले आणि ताटाची वाट पाहू लागले. मला वाढायला हात पुढे करता येईना. मग तुझा आवाज आला. तो मी लहानपणानंतर ऐकलेलाच नव्हता, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायचीस तो. "त्याइले नका वाढू. मले वाढा. मले भूक हाये."

सगळ्या माना वळल्या. समोरच्याचं खोटं पाडायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. आत्याबाईजवळ जे एक वाक्य आहे तेच तोंडातून निघालं. 'किती पोळ्या?'

"मोजू नको. वाढत जाय."

मग मी फळ्यांच्या कडेला येऊन बसलो आणि वाढू लागलो. हातात काही नव्हतं. तुझ्या आवाजाच्या दिशेनं एकेक पोळी टाकत राहिलो. कोणी हसत नव्हतं. मला वाटलं खेळ पडला, नोकरी गेली, सगळं गेलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "तूप टाक बे त्याच्यावर." दुसरा म्हणाला, "ठेचा कुठी हाये?" मग पटांगणभर लोक वाढायला सांगू लागले. वांग्याची भाजी, कढी, गूळ. म्हाताऱ्या बायका सांगत होत्या, पोरीले लोणचं दे. मी सगळं वाढलं. हसणं परत आलं, पण ते आधीचं नव्हतं.

रोहिणखेडला आबा म्हणाले, "लुगड्याचं जाऊ दे. पोरगी तिथी अर्धपोटी राह्यते हे तुले माहीत होतं, अन् तू त्याचा खेळ करून राह्यला?" माय चुलीपुढून उठून गोठ्यात जाऊन बसली. तू जे तिच्यापासून सहा वर्षं लपवलंस ते मी माइक नसताना सगळ्या मोताळ्याला ऐकवलं.

मी चुकलो. मुंबईची म्हणून खोटं लिहिलं, तू येऊ नये म्हणून नदीला पूर आणला. तू मन मोकळं करत होतीस आणि मी त्यातून माल उचलत होतो. आत्याबाई बंद केली आहे. लुगडं गीताबाईंना परत दिलं.

आणखी एक सांगायचं आहे. आबांनी आपल्या शेतातल्या गव्हाचं अर्धं पोतं शिवून ठेवलं आहे. शेजारच्या झुंबरबाईचा जावई पुण्याला निघाला आहे, त्याच्यासोबत तुझ्या घरी पाठवतात. मी म्हटलं, सासरी असं धान्य पाठवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारणं आहे. ते म्हणतात, लागू दे. मला अडवता आलं नाही. तू काहीतरी कारण तयार ठेव.

वैजू


पुणे
१८ ऑक्टोबर १९६४

वैजू,

आधी रागाचं लिहिते, म्हणजे तो एका जागी राहील. मला तुझा राग आला होता आणि अजून गेलेला नाही. तू खेळ केलास याचा नाही. तू विचारत होतास तेव्हा मला वाटायचं, कोणीतरी माझं ऐकून घेतं आहे. तू ऐकतच होतास, पण माझ्यासाठी नाही. हे मला फार लागलं.

मला कळलं कसं, तेही ऐक. रोहिणखेडच्या बाजारात पंचफुला म्हणाली, "तुहा भाऊ आत्याबाई करते न, किती पोळ्या म्हनते, हासू हासू पोट दुखते." मी हातातली भेंडी खाली ठेवली. तरी आबांना घेऊन आले. म्हटलं, बघू तरी.

तुला वाटत असेल मी तुला धडा शिकवायला रुपया दिला. तसं नव्हतं. उकंडराव पदराआडून 'मले भूक नाही' म्हणाले आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. खरंच हसले, पोटातून. हसता हसता लक्षात आलं की वन्सं हसतात ते असंच असणार. आणि मग दुसरं लक्षात आलं. ते वाक्यच खोटं आहे. त्या दिवशी मला भूक होती. माझ्या तोंडचं एक खोटं वाक्य पुण्यात सहा वर्षं आणि वऱ्हाडात वर्षभर लोक करून दाखवत होते. मला ते दुरुस्त करायचं होतं. उभी राहिले तेव्हा मनात काही बोलून बघितलं नाही, ते सरळ तोंडातूनच आलं. दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर यायची मात्र हिंमत नव्हती, म्हणून पहिल्या मोटारीनं गेले.

पोतं आलं. दारात उतरवलं तेव्हा सगळे घरी होते. सासूबाई म्हणाल्या, हे काय? वन्सं म्हणाल्या, तुमच्याकडे पद्धत असते का अशी? हे पोत्याकडे बघत राहिले, ढग बघावा तसे. 'आबांनी प्रेमानं पाठवला' असं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते म्हटलं असतं तर पुढची सहा वर्षं तशीच गेली असती. मग मी सगळं सांगितलं. पोळ्यांचं, भुकेचं, तुझ्या आत्याबाईचं.

सासूबाईंचा आवाज उतरला. म्हणाल्या, "तो काय करतो नक्की? करून दाखव."

मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, "करून दाखव."

मग स्वयंपाकघरात मी त्यांच्यासमोर त्या झाले. त्यांचाच चष्मा मागून घेतला. डावा हात कनवटीला ठेवून आवाज उतरवला आणि म्हटलं, 'सकाळी सांगा, किती पोळ्या?' त्या शेवटपर्यंत हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चूक आहे. मी एवढं लांब बोलत नाही. मी नुसतं 'किती' म्हणते. आणि हात असा नाही." उठून त्यांनी करून दाखवलं. तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं. वन्संना हसू फुटलं तर त्यांना म्हणाल्या, "हसतेस काय, तू सून हो." वन्संना व्हावंच लागलं. त्यांचं 'मले भूक नाही' ऐकण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा म्हणा.

नंतर पातेलं घासताना सासूबाई बोलल्या. महायुद्धाच्या दिवसांत रेशनचा गहू होता आणि घरात माणसं फार. मोजून केल्या नाहीत तर शेवटी बसणाऱ्या बाईला काही उरायचं नाही, आणि शेवटी त्याच बसायच्या. सवय राहून गेली. मग म्हणाल्या, "तू दोन म्हणालीस, मी दोन केल्या. तू खोटं सांगत असशील हे मला कसं कळणार?" त्यांचंही खरंच आहे.

म्हणून सांगते, आत्याबाई बंद करू नकोस. लुगडं परत माग. पण तिला नुसती कवडीचुंबक करू नकोस, ती शेवटी जेवायला बसते हेही दाखव. आणि सुनेला खरं बोलू दे. यापुढे माझं काही घ्यायचं असेल तर मला विचारून घे. मी नाही म्हणेनच असं नाही. मंडळात मी यंदा बोलायचं काम मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

मायला सांग, दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई परात घेऊन बसल्या. आपल्या गव्हाचं पीठ दळून आणलं होतं. यांना विचारलं, वन्संना विचारलं. माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि काही न विचारता मापाची वाटी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी पीठ घेतलं. दुपारी मी चार खाल्ल्या. पाचवी वाढायला त्या वाकल्या तेव्हा मी ताटावर हात धरला आणि म्हटलं, "मले पुरे." कोणी हसलं नाही.

ताई